पॉप्लरचा निकाल

१ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमधल्या बरो कौन्सिलांची निवडणूक झाली. बरो कौन्सिल म्हणजे शहराच्या एका भागाची नगरपालिका. रस्ते, दिवे, कचरा, वाचनालये, सार्वजनिक स्नानगृहे आणि घरपट्टीची वसुली ही तिची कामे. अशा निवडणुकीला एरवी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळी मिळायच्या. शिवाय महायुद्धामुळे मधल्या निवडणुका झाल्याच नव्हत्या. आधीचे मतदान १९१२ चे, आणि त्या सात वर्षांत जग बदलले होते.

पूर्व लंडनमधल्या पॉप्लर बरोचा निकाल लागला तेव्हा ४२ जागांपैकी ३९ मजूर पक्षाच्या पदरात पडल्या होत्या. संपूर्ण लंडनमध्ये मजूर पक्षाची त्या वर्षी चढती कमान होती. २८ पैकी सुमारे डझनभर बरो त्यांच्या हाती आले. पण पॉप्लरइतका एकतर्फी कौल क्वचितच कुठे मिळाला. दोन वर्षांनी त्याच पॉप्लरचे ३० लोकप्रतिनिधी तुरुंगात होते, आणि कौन्सिलची सभा ब्रिक्स्टन तुरुंगाच्या आवारात भरत होती. घरपट्टीच्या हिशेबापायी लोकप्रतिनिधी गजाआड जातात आणि सरकारला कायदा बदलावा लागतो, हे कसे घडले ते क्रमाने पाहण्याजोगे आहे.

पॉप्लर थेम्सच्या उत्तर काठावर वसलेले. वेस्ट इंडिया डॉक, ईस्ट इंडिया डॉक, मिलवॉल डॉक अशा गोद्या तिथल्याच. साम्राज्याची साखर, चहा, मसाले या धक्क्यांवर उतरत. माल उतरवणाऱ्या माणसांना मात्र रोजच्या रोज दरवाजाशी उभे राहून काम मागावे लागे. मुकादमाने बोट दाखवले तर त्या दिवसाची भाकरी, नाहीतर हात हलवत परत. बो भागात ब्रायंट अँड मे यांचा काडेपेट्यांचा कारखाना होता. तिथल्या मुलींनी १८८८ साली केलेला संप आणि पुढच्या वर्षीचा गोदी कामगारांचा मोठा संप या दोन्हींच्या आठवणी घराघरांत ताज्या होत्या. युद्धातही पॉप्लरने किंमत मोजली. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी टाकलेला बाँब अपर नॉर्थ स्ट्रीटवरच्या शाळेवर पडला आणि १८ मुले गेली. युद्ध संपल्यावर या लोकांना नुसते आभार नको होते.

कोण मत देऊ शकतो याचा नियमही दरम्यान बदलला होता. १९१८ च्या कायद्याने मतदारांची संख्या कितीतरी वाढवली. ३० वर्षांवरील विवाहित स्त्रियांना नवऱ्याच्या घराच्या आधारे स्थानिक निवडणुकीत मत मिळाले. त्याच कायद्यातले एक कलम पॉप्लरसारख्या वस्तीच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते. तोपर्यंत गरिबांसाठीच्या निधीतून मदत घेणाऱ्याचा मताधिकार जायचा. उपाशी माणसाने हात पसरला की तो नागरिक म्हणून बाद! ही अट १९१८ साली गेली. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांना पहिल्यांदा त्या प्रश्नावर मत देता आले.

विजयी उमेदवारांत रेल्वे कामगार, गोदी कामगार, टपाल खात्यातले नोकर, अंगमेहनतीची कामे करणारे मजूर होते. त्यांचे नेते जॉर्ज लॅन्सबरी. वय साठीचे, आवाज खणखणीत, धर्मावर श्रद्धा आणि समाजवादावरही. १८९० च्या दशकापासून ते पॉप्लरच्या गार्डियन मंडळावर होते. निराधारांना मदत देणारे हे निवडून आलेले मंडळ कौन्सिलपेक्षा वेगळे होते. संसदेतली जागा त्यांनी १९१२ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी स्वतःहून सोडली, त्याच मुद्द्यावर पोटनिवडणूक लढवली आणि ती हरले. आता ते ‘डेली हेरल्ड’ या कामगारांच्या दैनिकाचे संपादक होते. नव्या कौन्सिलने त्यांना महापौर केले.

पहिल्या वर्षभरात कौन्सिलने बरेच काही हाती घेतले: घरबांधणी, क्षयरोग्यांसाठी दवाखाना, बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांसाठी केंद्रे, बेकारांना कामे. १९२० च्या मे महिन्यात कौन्सिलच्या नोकरांना आठवड्याला किमान ४ पौंड वेतन ठरले, आणि ते पुरुष व स्त्रिया दोघांना सारखेच. स्त्रियांच्या पगारात याने मोठी वाढ झाली. त्या काळात समान काम, समान वेतन ही मागणी सभांतून व्हायची, पण एखाद्या नगरपालिकेने ती पगारपत्रकात उतरवणे ही वेगळी गोष्ट होती. या एका निर्णयाचे पडसाद पुढे उमरावांच्या सभागृहापर्यंत गेले.

संकट आले ते १९२० च्या अखेरीस. युद्धानंतरची तेजी ओसरली, जहाजे कमी झाली, गोद्यांतले काम आटले. जून १९२१ पर्यंत देशात विमा उतरवलेल्या कामगारांपैकी २० लाखांहून अधिक बेकार होते. बेकारी विम्याचे पैसे ठरावीक आठवडेच मिळत. ते संपले की गार्डियन मंडळाचे दार. आणि त्या मंडळाचा पैसा यायचा कुठून? त्याच वस्तीच्या घरपट्टीतून.

साऱ्या लढ्याचे मूळ इथे आहे. घरपट्टी घराच्या भाड्याच्या किमतीवर बसे. वेस्टमिन्स्टरमध्ये वाडे, हॉटेले, मोठमोठी दुकाने होती, पॉप्लरमध्ये गल्लीबोळातली दोन खोल्यांची घरे. पौंडामागे एक पेनी पट्टी लावली तर वेस्टमिन्स्टरच्या तिजोरीत पॉप्लरच्या आठ-नऊ पट रक्कम जमा होई. गरिबांची संख्या मात्र पॉप्लरमध्ये जास्त. म्हणजे जिथे गरज मोठी तिथे पट्टीचा दर चढा, आणि तो दर भरणारे स्वतःच कसेबसे जगणारे. बेकार गोदी कामगाराला जगवायचा खर्च त्याच्या शेजारी राहणाऱ्या, अजून काम टिकून असलेल्या गोदी कामगाराच्या माथी. याच गोद्यांच्या जिवावर ज्यांच्या कंपन्या चालत, ते मालक राहत शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि पट्टीही तिकडेच भरत.

लंडनभर हा भार वाटून घेण्यासाठी १८६७ पासून एक सामाईक निधी होता, पण त्यातून वर्कहाउसमध्ये राहणाऱ्यांचाच काही खर्च निघे. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कोंडून कामाला लावणारी, नवरा-बायकोची ताटातूट करणारी संस्था. कुटुंबाला घरीच ठेवून आठवड्याला चार पैसे द्यायचे तर तो सगळा बोजा स्थानिक वस्तीवर. माणसाला वर्कहाउसात ढकलणाऱ्या मंडळाला बाहेरून मदत आणि त्याला घरी सन्मानाने जगू देणाऱ्याला दंड, असा हा व्यवहार होता. लॅन्सबरी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे घरपट्टीचा भार सर्व लंडनवर समान वाटण्याची मागणी करत होते. अर्ज झाले, शिष्टमंडळे गेली, समित्या बसल्या. हाती काही लागले नाही.

पॉप्लरने मग जो मार्ग काढला तो हिशेबातलाच होता. बरो कौन्सिल जी पट्टी गोळा करी, तिच्यातला मोठा हिस्सा तिला लंडनव्यापी चार संस्थांकडे द्यावा लागे: लंडन काउंटी कौन्सिल, महानगर पोलीस, साथीच्या रोगांची रुग्णालये चालवणारे असायलम बोर्ड आणि पाणीपुरवठा मंडळ. मार्च १९२१ च्या अखेरीस कौन्सिलने ठरवले की या चौघांसाठी पट्टी आकारायचीच नाही. फक्त बरोच्या खर्चापुरती आणि गरिबांच्या मदतीपुरती आकारायची. परिणामी ज्या वर्षी पॉप्लरची घरपट्टी आभाळाला भिडायची, त्या वर्षी ती खाली आली. घराघरात हा निर्णय समजावून सांगायची वेगळी गरज उरली नाही.

हे बेकायदा आहे याची सगळ्यांना पुरती कल्पना होती. नोरीन ब्रॅन्सन यांनी १९७९ साली या लढ्याचा इतिहास पुस्तकरूपाने लिहिला. तो वाचताना जाणवते की या मंडळींनी भावनेच्या भरात उडी घेतली नव्हती. काउंटी कौन्सिल आणि असायलम बोर्ड कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ ही तारीख पडली. त्या दिवशी पॉप्लरचे लोकप्रतिनिधी कोर्टात गेले ते मिरवणुकीने. पुढे चोपदार कौन्सिलचा मानदंड घेऊन, मागे नवे महापौर सॅम मार्च, एकेकाळचे गाडीवान आणि वाहन कामगारांचे पुढारी, त्यांच्यामागे नगरसेवक आणि सुमारे २००० माणसे. फलकावर लिहिले होते: पॉप्लर बरो कौन्सिल उच्च न्यायालयाकडे निघाली आहे, आणि कदाचित तुरुंगाकडे. बोपासून कोर्टापर्यंतचे हे अंतर कित्येक मैलांचे. सरकारी पोशाखातला चोपदार आणि कायदा मोडायला निघालेली नगरपालिका एकाच रांगेत चालताना लंडनने पाहिली.

न्यायालयाने पैसे भरण्याचा हुकूम दिला. कौन्सिलने तो मानला नाही. हा न्यायालयाचा अवमान ठरला, आणि अवमानाच्या शिक्षेला तेव्हा मुदत नसे. हुकूम पाळेपर्यंत आत.

१ सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या. शेरिफचे अधिकारी रोज काही जणांना नेत. पुरुषांची रवानगी ब्रिक्स्टनला. स्त्रियांना ५ सप्टेंबरला टाउन हॉलजवळून नेले, तेव्हा रस्ते माणसांनी फुलले होते आणि हजारोंचा जमाव त्यांना निरोप द्यायला बरोबर चालत गेला. होलोवे तुरुंगात गेलेल्या त्या स्त्रिया म्हणजे सुझन लॉरेन्स, ज्युलिया स्कर, नेली क्रेसॉल, जेनी मॅके आणि लॅन्सबरींची सून मिनी. सुझन लॉरेन्स सधन घरात वाढलेल्या आणि एकेकाळी हुजूर पक्षाकडे ओढा असलेल्या. पालिकेच्या शाळांत झाडलोट करणाऱ्या बायकांची मजुरी पाहून त्यांची मते पालटली होती. नेली क्रेसॉल यांना दिवस गेले होते, सहा महिने होत आले होते. त्यांचे पती जॉर्ज हेही नगरसेवक, तेही ब्रिक्स्टनमध्ये. स्कर दांपत्याचे तसेच, मिनी आणि एडगर यांचेही तसेच. तीन घरांतून नवरा-बायको दोघेही आत, आणि लॅन्सबरींच्या घरातून बाप, मुलगा आणि सून. घरी लहान मुले कोणी सांभाळायची हा प्रश्न शेजारणींनी सोडवला असणार, कारण त्या गल्ल्यांत तशीच रीत होती.

गरोदर बाई तुरुंगात, ही बातमी सरकारला जड जाऊ लागली. नेलींना सोडून द्यायची तयारी दाखवली गेली. सहकाऱ्यांना मागे ठेवून बाहेर पडायला त्या आधी राजी नव्हत्या. अखेर त्यांना इतरांच्या आधी बाहेर यावे लागले.

ब्रिक्स्टनमधले दिवस सुखाचे नव्हते. अन्न वाईट, कोठड्या बंद, बऱ्याच जणांच्या तब्येती ढासळल्या. पण हे कैदी संघटना बांधण्यात मुरलेले होते. त्यांनी तुरुंग अधिकाऱ्यांकडे मागण्या लावल्या आणि एकेक सवलत पदरात पाडून घेतली. संध्याकाळी तुरुंगाबाहेर लोक जमत, गाणी म्हणत, आणि लॅन्सबरी कोठडीच्या गजांमधून त्यांच्यापुढे भाषण करत. सरकारला खरी अडचण झाली ती कारभाराची. कौन्सिलची सभा भरल्याशिवाय बिले मंजूर होत नव्हती, पगार निघत नव्हते. अखेर गृहखात्याने तुरुंगातच सभा भरवायला परवानगी दिली. होलोवेतून स्त्रियांना टॅक्सीने ब्रिक्स्टनला आणले जाई, अधिकारी कागदपत्रे घेऊन येत, विषयपत्रिका वाचली जाई, ठराव होत, इतिवृत्त लिहिले जाई. गटारे, दिवे, पगार, बेकारांची कामे. कायदा मोडल्याबद्दल आत टाकलेली माणसे कायद्याने सोपवलेले काम तुरुंगात बसून करत होती, आणि त्यांना वगळून ते काम करू शकेल असे दुसरे कोणी सरकारजवळ नव्हते.

बाहेरही वातावरण तापत चालले होते. पॉप्लरमधल्या भाडेकरूंच्या संघटनेने घरपट्टी आणि भाडे न भरण्याची तयारी चालवली. शेजारच्या बेथनल ग्रीन आणि स्टेपनी या बरोंनी पॉप्लरच्याच वाटेने जायचे ठराव केले. स्टेपनीत त्या वेळी क्लेमंट ॲटली नावाचे तरुण पुढारी होते, त्याआधी तिथले महापौर राहिलेले. हेच पुढे १९४५ साली पंतप्रधान झाले.

मजूर पक्षातच मात्र एकमत नव्हते. हॅकनीचे महापौर आणि लंडनच्या मजूर पक्षाचे सूत्रधार हर्बर्ट मॉरिसन यांचा या मार्गाला ठाम विरोध होता. मजूर पक्षाला राज्य करायचे आहे, तर कायदा पाळून कारभार नीट चालवता येतो हे आधी लोकांना पटवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वरच्या फळीतल्या अनेकांना ते पटत होते. हा आक्षेप हलका नाही. प्रत्येक नगरपालिकेने आपल्याला अन्यायकारक वाटलेली देणी थांबवली तर शहराची रुग्णालये आणि पाणी कशाच्या बळावर चालणार? पण मॉरिसन ज्या मार्गाची शिफारस करत होते, त्या मार्गाने पॉप्लर कितीतरी वर्षे चालून थकले होते, आणि १९२१ च्या हिवाळ्यापर्यंत वाट पाहण्याइतके धान्य बेकारांच्या घरात नव्हते. मला विचाराल तर त्या सप्टेंबरात लॅन्सबरी बरोबर होते.

आरोग्यमंत्री आल्फ्रेड मॉन्ड यांच्या खात्याकडे स्थानिक कारभार होता. त्यांच्यापुढे पर्याय संपत आले. नगरसेवकांना किती दिवस आत ठेवणार? त्यांतले अनेक गार्डियन मंडळावरही होते. ते नसतील तर बेकारांना मदत कोण वाटणार? डब्ल्यू. एच. थॉम्पसन या वकिलांनी सुटकेसाठी न्यायालयात अर्ज केला. त्यात माफी नव्हती. घरपट्टीच्या प्रश्नावर सर्व संबंधितांची परिषद व्हायची तर या लोकप्रतिनिधींना तिथे हजर राहता आले पाहिजे, अशी त्याची मांडणी होती. १२ ऑक्टोबरला न्यायालयाने सुटकेचा हुकूम दिला. सहा आठवडे आत राहून, एक पैसा न भरता, पॉप्लरची माणसे घरी आली.

काही आठवड्यांतच संसदेने लोकल ऑथॉरिटीज (फायनान्शियल प्रोव्हिजन्स) ॲक्ट मंजूर केला. वर्कहाउसबाहेर, घरी दिल्या जाणाऱ्या मदतीचा खर्चही आता लंडनच्या सामाईक निधीतून निघणार होता. श्रीमंत बरोंनी भर घालायची, गरीब बरोंनी उचल करायची. पॉप्लरला याने दर वर्षी लाखो पौंडांचा दिलासा मिळाला. पूर्ण समानीकरणाची मागणी मान्य झाली नव्हती, पण तिचा सर्वांत निकडीचा भाग मान्य झाला होता.

या विजयाला लगेचच दुःखाची किनार लागली. मिनी लॅन्सबरी १ जानेवारी १९२२ रोजी गेल्या, अवघ्या ३२ वर्षांच्या. फ्लू आणि त्यातून न्यूमोनिया. त्यांचे सहकारी मानत की तुरुंगाने त्यांची ताकद काढून घेतली. ज्यू निर्वासित कुटुंबातल्या या शिक्षिकेने आधी सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्याबरोबर स्त्रियांच्या मताधिकारासाठी, मग युद्धात अपंग झालेल्यांच्या आणि विधवांच्या पेन्शनसाठी काम केले होते. बो रोडवर त्यांच्या नावाचे घड्याळ आजही आहे.

नोव्हेंबर १९२२ मध्ये पुन्हा बरो निवडणुका झाल्या. लंडनभर मजूर पक्षाला फटका बसला. मॉरिसन यांची हॅकनीही हातची गेली. पॉप्लरने मात्र आपल्या माणसांना पुन्हा निवडून दिले. त्याच महिन्यात लॅन्सबरी आणि सॅम मार्च संसदेत गेले. पुढच्या वर्षी ज्युलियांचे पती जॉन स्कर आणि सुझन लॉरेन्स गेले.

सगळेच काही पॉप्लरच्या मनासारखे झाले नाही. १९२१-२२ मध्ये महागाई झपाट्याने उतरली, तरी कौन्सिलने ४ पौंडांचे किमान वेतन उतरवले नाही. सरकारी लेखापरीक्षकाने जादा ठरवलेले ५००० पौंड नगरसेवकांकडून वसूल करायचा आदेश काढला. प्रकरण चढत चढत, त्या काळी अपिलाचे शेवटचे न्यायालय असलेल्या उमरावांच्या सभागृहात गेले आणि १९२५ साली निकाल पॉप्लरविरुद्ध लागला. लॉर्ड ॲटकिन्सन यांनी आपल्या निकालपत्रात नगरसेवकांवर ठपका ठेवला की समाजवादी दानशूरतेच्या विक्षिप्त तत्त्वांनी आणि स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याच्या स्त्रीवादी महत्त्वाकांक्षेने त्यांना वाहवत नेले. वेतन किती द्यायचे हे निवडून आलेल्यांनी ठरवायचे की बाजारभावाने, या प्रश्नावर न्यायालयाने बाजाराच्या बाजूने कौल दिला. पॉप्लरला दर खाली आणावे लागले. इंग्लंडच्या नगरपालिकांच्या अधिकारांवर या निकालाची सावली अनेक दशके राहिली.

आपल्याकडच्या वाचकांना या वस्तीची दुसऱ्या वाटेने ओळख असेल. गोलमेज परिषदेसाठी १९३१ साली गांधीजी लंडनला गेले तेव्हा ते मोठ्या हॉटेलात उतरले नाहीत. बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये राहिले. ती जागा याच पॉप्लर बरोत होती, आणि त्यांच्या यजमान म्युरिएल लेस्टर या पॉप्लरच्या कौन्सिलवर आल्डरमन म्हणजे ज्येष्ठ सदस्य राहिलेल्या. भारताला स्वराज्याचे हक्क देणारे कॉमनवेल्थ ऑफ इंडिया विधेयक ब्रिटिश संसदेत १९२५ साली मांडले ते लॅन्सबरी यांनीच. गोदी कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या या राजकारणाला साम्राज्याची दुसरी बाजूही दिसत होती.

१९२९ च्या कायद्याने गार्डियन मंडळे बरखास्त झाली आणि १९३० पासून राजधानीतल्या गरिबांच्या मदतीचा कारभार लंडन काउंटी कौन्सिलकडे गेला. खर्च आता साऱ्या लंडनवर पडू लागला. १९३४ साली त्या काउंटी कौन्सिलमध्ये मजूर पक्षाला पहिल्यांदा बहुमत मिळाले आणि तिचे नेते झाले हर्बर्ट मॉरिसन. ज्या संस्थेची पट्टी अडवल्याबद्दल पॉप्लरचे नगरसेवक ब्रिक्स्टनला गेले होते, तीच आता पॉप्लरच्या बेकारांचा खर्च वेस्टमिन्स्टरच्या घरपट्टीतून भागवत होती.